पद्मपूरचे महाकवी भवभूती : चरित्र आणि त्यांच्या नाटकांतील प्रतिमांचा अर्थ

गोंदिया जिल्हा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा म्हणून सर्वपरिचित आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. दर्शनास येणाऱ्या भाविकांपैकी पुष्कळांना या भूमीतील देवस्थानांची माहिती असते. परंतु आमगावनजीक असलेल्या पदमपूर या लहानशा गावाचे नाव संस्कृत साहित्याच्या इतिहासात किती मानाने घेतले जाते, याची कल्पना फार थोड्यांना असते. कालिदासांच्या जोडीने ज्यांचे नाव घेतले जाते, त्या महाकवी भवभूतींचे मूळ गाव हेच होय, असे थोर संशोधक महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी प्रतिपादन केले आहे. यात्रेकरूंना या महाकवींचा परिचय व्हावा, तसेच मंदिरात कोरलेली वा रंगविलेली रामकथा पाहताना त्यांची दृष्टी उपयोगी पडावी, या हेतूने हे अल्पचरित्र येथे देत आहोत.

कुल, जन्मभूमी आणि नाव

आपल्या पूर्वीच्या कवींनी स्वतःविषयी सहसा काही लिहून ठेवले नाही. भवभूती याला अपवाद आहेत. आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत सूत्रधाराच्या मुखाने त्यांनी कुलवृत्तान्त सांगितला आहे. दक्षिणापथात पद्मपूर नावाचे नगर असून तेथे काश्यप गोत्राचे, कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचे, उदुंबर या नावाने ओळखले जाणारे वेदज्ञ ब्राह्मण राहत होते. पाच अग्नींची उपासना करणारे, सोमयाग करणारे आणि पंक्तीला पावन करणारे असे हे घराणे होते. त्याच घराण्यात वाजपेय यज्ञ करणारे महाकवी नावाचे पूर्वज होऊन गेले; त्यांच्या पाचव्या पिढीत भवभूती जन्मास आले. त्यांच्या आजोबांचे नाव भट्टगोपाल, वडिलांचे नीलकंठ व मातोश्रींचे जतुकर्णी. गुरूंचे नाव ज्ञाननिधी. व्याकरण, मीमांसा व न्याय या तिन्ही शास्त्रांत ते पारंगत होते. वेद, उपनिषदे, सांख्य आणि योग यांचाही त्यांचा अभ्यास होता. मात्र नाटकाच्या कामी या विद्येचा बडेजाव उपयोगाचा नाही, नाटकाला प्रौढ व उदार वाणी आणि अर्थाची खोली लागते, हेही त्यांनीच स्पष्ट करून ठेवले आहे.

श्रीकंठ हेही त्यांचे नाव प्रस्तावनेत येते. पित्याचे नाव नीलकंठ आणि पुत्राचे श्रीकंठ. दोन्ही नावे भगवान शंकरांचीच. भवभूती या नावाचा उलगडा जुन्या टीकाकारांनी निरनिराळ्या प्रकारे केला आहे. भव म्हणजे शिव आणि भूती म्हणजे भस्म. शिवाच्या अंगावरील भस्माचे वर्णन त्यांनी एका श्लोकात असे काही केले की तेच शब्द त्यांचे नाव होऊन बसले, अशी आख्यायिका आहे. भूती या शब्दाचा दुसरा अर्थ ऐश्वर्य असा आहे. एकाच शब्दात राख आणि वैभव दोन्ही सामावलेली आहेत. कपाळी विभूती लावणाऱ्या भाविकास हा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पद्मपूर नेमके कोणते, याबद्दल विद्वानांत पुष्कळ चर्चा झाली. काहींनी ते चंद्रपूरच्या परिसरात शोधले, तर काहींनी ग्वाल्हेरकडील पद्मावती नगरीशी त्याचा संबंध जोडला. मिराशी यांनी ताम्रपटांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला. जुन्या दुर्ग जिल्ह्यात वाकाटक राजांचा एक अपूर्ण राहिलेला ताम्रपट मिळाला असून त्याचा आरंभ पद्मपूर या स्थाननामाने होतो. नल राजांच्या स्वारीमुळे वाकाटकांना नंदिवर्धन ही राजधानी सोडून पूर्वेकडे यावे लागले आणि त्या संकटकाळात पद्मपूर हे त्यांच्या सत्तेचे ठिकाण झाले, असे अनुमान मिराशींनी केले. आमगावजवळील पदमपूर, तेथील जुने अवशेष आणि नावातील साम्य यांची संगती त्यांनी या पुराव्याशी लावली. कालिदासांचा रामगिरी म्हणजे रामटेक, हे मतही मिराशींनीच हिरिरीने मांडले होते. मतभेद अद्याप पूर्णपणे मिटलेले नाहीत, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. तथापि, आमगावच्या महाविद्यालयास भवभूतींचे नाव देऊन या परिसरातील लोकांनी आपला कौल केव्हाच दिला आहे.

काल आणि राजाश्रय

भवभूतींचा काल इसवी सनाच्या आठव्या शतकाचा पूर्वार्ध मानला जातो. कल्हणाने बाराव्या शतकात लिहिलेल्या राजतरंगिणीत, कनौजचा राजा यशोवर्मा याच्या पदरी वाक्पतिराज व भवभूती हे कवी होते, असा उल्लेख आहे. या यशोवर्म्याचा काश्मीरच्या ललितादित्याने पराभव केला. वाक्पतिराजाने गउडवहो या प्राकृत काव्यात भवभूतींच्या काव्यास समुद्राची उपमा देऊन आपल्या कवितेत त्याच समुद्रातील अमृताचे थेंब दिसतात, अशा आशयाची कृतज्ञता व्यक्त केली आहे. त्याच काव्यातील एका सूर्यग्रहणाचा संबंध याकोबी या जर्मन पंडिताने इ.स. ७३३ मधील ग्रहणाशी जोडला व त्यावरून हा काल बराचसा निश्चित झाला.

विदर्भातील हे विद्वान घराण्यातील कवी उत्तरेकडे गेले. तथापि राजदरबारी कीर्ती लाभण्यापूर्वी त्यांना दीर्घकाळ उपेक्षा सोसावी लागली असावी, असे त्यांच्या लेखनावरून वाटते. त्यांची तिन्ही नाटके कालप्रियनाथ या देवाच्या यात्रेत प्रथम सादर झाली, असे त्या त्या प्रस्तावनेत म्हटले आहे. हा देव म्हणजे उज्जैनचे महाकाल असे काहींचे मत आहे. मिराशींनी मात्र यमुनाकाठच्या काल्पी येथील सूर्यदेवतेकडे बोट दाखविले. स्थान कोणतेही असो, राजवाड्याच्या नाट्यगृहाऐवजी देवाच्या यात्रेत, दूरदूरहून आलेल्या भाविकांपुढे ही नाटके उभी राहिली, ही गोष्ट आपणांस विशेष जवळची वाटावी अशी आहे. धानाची कापणी आटोपल्यावर रात्ररात्र जागून झाडीपट्टीची नाटके पाहणाऱ्या आपल्या लोकांना यात्रा आणि नाटक यांचे नाते सांगावयास नको. नटमंडळींशी आपला जन्मजात स्नेह आहे, असेही भवभूतींनी लिहून ठेवले आहे. पाच अग्नी राखणाऱ्या घराण्यातील पंडिताने नटांच्या मैत्रीचा असा उघड उल्लेख करावा, हे त्या काळी सोपे नव्हते.

मालतीमाधवाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या टीकाकारांना उत्तर दिले आहे. आपला हा खटाटोप अवज्ञा करणाऱ्यांसाठी नाही. काळाला अंत नाही आणि पृथ्वी विस्तीर्ण आहे, तेव्हा आपल्यासारख्या मनाचा कोणीतरी आज कोठेतरी असेल किंवा पुढे केव्हातरी जन्मास येईल, असा त्याचा भावार्थ आहे. काहींना यात गर्व दिसतो. आम्हांस मात्र यात एकाकी माणसाची आशा दिसते.

पहिली दोन नाटके

महावीरचरित हे सात अंकांचे नाटक श्रीरामांच्या विवाहापासून राज्याभिषेकापर्यंतची कथा सांगते. त्याचा उत्तरभाग इतरांनी पूर्ण केला, अशी परंपरा आहे. या नाटकात कवींनी मूळ कथेत केलेले बदल लक्षात घेण्याजोगे आहेत. रावणाचा मंत्री माल्यवान सर्व कारस्थाने रचतो. शूर्पणखा मंथरेच्या शरीरात शिरते आणि रामांच्या वनवासाची मागणी पुढे करते. त्यामुळे कैकेयीच्या माथ्यावरील दोष उतरतो. वालीला आड राहून बाण मारण्याचा प्रसंगही येथे नाही, वाली समोरासमोर युद्ध करतो. कथेतील जी शल्ये पिढ्यान्‌पिढ्या श्रोत्यांच्या मनात सलत होती, त्यांवर कवींनी आपल्या परीने औषध शोधले.

मालतीमाधव हे दहा अंकांचे प्रकरण आहे. विदर्भातील कुंडिनपूरहून विद्याभ्यासासाठी पद्मावती नगरीस गेलेला माधव व तेथील मंत्र्याची कन्या मालती यांची ही प्रेमकथा होय. पद्मावती म्हणजे ग्वाल्हेरजवळील पवाया असे मानले जाते. या नाटकातील स्मशानाचा अंक, चामुंडेपुढे मालतीचा बळी देऊ पाहणारा अघोरघंट आणि त्याची शिष्या कपालकुंडला यांची चित्रे अंगावर काटा आणणारी आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यातील एक छोटा प्रसंग महत्त्वाचा आहे. मालतीने विरहात माधवाचे चित्र काढलेले असते. ती फळी माधवाच्या हाती येते, तेव्हा तो त्याच फळीवर शेजारी मालतीचे चित्र रेखाटतो. दोघांची प्रत्यक्ष भेट नाही, बोलणे नाही. तरी चित्रात ती दोघे जवळ आली आहेत. चित्राकडून असे काम करून घेण्याची ही कला पुढे उत्तररामचरितात पूर्णत्वास गेली.

भिंतीवरील रामकथा

उत्तररामचरिताचा पहिला अंक चित्रदर्शन या नावाने प्रसिद्ध आहे. राज्याभिषेक झाला आहे. वडीलधारी मंडळी ऋष्यशृंगांच्या यज्ञासाठी गेली आहेत. जनकराजेही मिथिलेस परतल्याने गर्भवती सीतामाई खिन्न आहेत. त्यांचे मन रमावे म्हणून लक्ष्मण, चित्रकाराने भिंतीवर रंगविलेले रामचरित्र पाहण्यास दोघांना घेऊन जातात. मंदिराच्या सभामंडपात ओळीने लावलेल्या चित्रांपुढून आपण जसे जातो, तशीच ही तिघे चालू लागतात. फरक इतकाच की येथे चित्र पाहणारे आणि चित्रात दिसणारे एकच आहेत.

या प्रसंगी प्रत्येकजण काय पाहतो आणि काय टाळतो, याकडे वाचकांनी बारकाईने पाहावे. विवाहाच्या चित्रात लक्ष्मण सीतामाई, मांडवी आणि श्रुतकीर्ती यांना दाखवितात. स्वतःच्या पत्नीचे, उर्मिलेचे नाव मात्र लाजेने घेत नाहीत. सीतामाई थट्टेने विचारतात, ही आणखी एक कोण? लक्ष्मण घाईघाईने पुढच्या चित्राकडे वळतात. परशुरामांचे चित्र आले की स्वतःच्या पराक्रमाची स्तुती नको म्हणून श्रीराम पुढे चलावयास सांगतात. कैकेयीच्या वरांचा प्रसंग येतो, तेव्हा तर ते काही न बोलता तो ओलांडून शृंगवेरपुरीच्या इंगुदी वृक्षाकडे जातात. मधल्या मातेचा विषय वडीलबंधूंनी गाळला, हे लक्ष्मणांच्या लक्षात येते. कोणत्या चित्रापुढे पाऊल थांबले आणि कोणत्या चित्रापुढून ते लगबगीने निघाले, एवढ्यावरून कवींनी तिघांचे स्वभाव उभे केले आहेत.

शूर्पणखेचे चित्र दिसताच सीतामाई घाबरतात. आता वियोग होणार, असे त्यांना वाटते. हे केवळ चित्र आहे, असे श्रीराम समजावितात. पुढे जनस्थान, जटायू, पंपा सरोवर ही चित्रे पाहता पाहता श्रीरामांचेच डोळे भरून येतात आणि माल्यवान पर्वताच्या चित्रापाशी ते लक्ष्मणांना थांबावयास सांगतात. काही क्षणांपूर्वी जे दुसऱ्याला चित्र म्हणून धीर देत होते, त्यांनाच ते चित्र असह्य झाले. आणि प्रेक्षकांना ठाऊक असते की सीतामाईंची भीती खोटी नव्हती. वियोग खरोखरीच दाराशी येऊन ठेपलेला होता.

या चित्रांतून नाटकाचा पुढचा सारा पट विणलेला आहे. जृंभक अस्त्रांचे चित्र पाहताना ही अस्त्रे तुझ्या संततीला प्राप्त होतील, असे श्रीराम म्हणतात. पुढे पाचव्या अंकात लव तीच अस्त्रे वापरतो आणि पित्याला पुत्र ओळखण्याची खूण मिळते. भागीरथीच्या चित्रापुढे श्रीराम गंगामाईला हात जोडून सुनेचे कल्याण करण्याची विनंती करतात. पुढे तीच गंगामाई सीतेला आणि तिच्या बाळांना आश्रय देते. चित्रे पाहून सीतामाईंना पुन्हा वनात जाण्याचे, गंगेत स्नान करण्याचे डोहाळे लागतात आणि त्यासाठी रथ सज्ज करण्याची आज्ञा होते. लोकापवादाची वार्ता घेऊन दुर्मुख येतो तेव्हा तोच रथ त्यागाचा रथ ठरतो.

हाताची प्रतिमा

उत्तररामचरितात एक प्रतिमा सुरुवातीच्या तीन अंकांतून सलग वाहते. ती आहे श्रीरामांच्या हाताची. चित्रे पाहून थकलेल्या सीतामाई त्यांच्याच बाहूची उशी करून झोपी जातात. दुर्मुख निघून गेल्यावर निर्णय घेतलेले श्रीराम तो हात हळूच काढून घेतात. वनात सोडण्याचा प्रसंग कवींनी रंगभूमीवर दाखविलाच नाही. निजलेल्या पत्नीच्या मानेखालून काढून घेतलेला हात, एवढ्यात सर्व आले. दुसऱ्या अंकात बारा वर्षे लोटली आहेत. शंबुकावर शस्त्र उचलताना श्रीराम आपल्या उजव्या हातालाच उद्देशून बोलतात : गर्भभाराने थकलेल्या सीतेला घालवून देणाऱ्या रामाचा तू हात, तुला करुणा कोठून येणार, असा त्याचा आशय आहे. राजधर्माचे पालन करणाऱ्या पुरुषाने स्वतःस इतके कठोर बोलावे, हे भवभूतींचेच धाडस होय. तिसऱ्या अंकात पंचवटी पाहून श्रीराम मूर्च्छित होतात. भागीरथीच्या वराने अदृश्य असलेल्या सीतामाई त्यांना हाताने स्पर्श करतात. तो स्पर्श ते ओळखतात, हात धरतात, पण तो निसटून जातो.

हा तिसरा अंक छायांक म्हणून ओळखला जातो. तमसा व मुरला या नद्या येथे स्त्रीरूपात बोलतात आणि वासंती ही वनदेवता श्रीरामांना तोंडावर जाब विचारते. प्रजेपैकी, मंत्र्यांपैकी जे कोणी विचारू शकले नाही, ते वनाने विचारले. सीतामाईंनी स्वतःच्या हाताने भरविलेले हत्तीचे पिल्लू आता तरुण गजराज झाले आहे, नाचविलेला मोर झाडावर बसला आहे. पोटची मुले दूर वाल्मीकींच्या आश्रमात असताना आईपुढे वाढलेली दिसतात ती वनातील लेकरे. अश्वमेधासाठी आपल्या शेजारी सीतेचीच सुवर्णप्रतिमा बसविली आहे, हे श्रीरामांच्या तोंडून ऐकल्यावर त्यागाचे शल्य सीतामाईंच्या हृदयातून निघते. एका मूर्तीने येथे बारा वर्षांचा प्रश्न सोडविला आहे. मूर्ती पाहणे म्हणजे धातू किंवा दगड पाहणे नव्हे, हे सांगण्यासाठी याहून समर्थ प्रसंग आम्हांस आठवत नाही.

श्रीरामांचे दुःख कसे आहे, हे सांगताना कवी वैद्याच्या पुटपाकाची उपमा देतात. मातीने तोंड लिंपलेल्या पात्रात औषध आतल्या आत शिजत राहते आणि बाहेरून काही दिसत नाही, तसे हे दुःख. दुसरी उपमा तलावाची. काठोकाठ भरलेल्या तलावाला पाणी सोडून देणे हाच उपाय, तसा शोकाने भरलेल्या हृदयाला रडणे हाच आधार. पावसाळ्यात नवेगावबांधसारखा तलाव तुडुंब भरतो आणि सांडव्यावरून पाणी वाहू लागते, तेव्हा पाळ फुटण्याची धास्ती कशी कमी होते, हे आमच्या शेतकऱ्यांना पुस्तकावाचून माहीत आहे. आपल्याकडील प्रसिद्ध तलाव कवींच्या नंतर पुष्कळ शतकांनी बांधले गेले, त्यामुळे त्यांनी हेच तलाव पाहिले असे कोणी म्हणू नये. परंतु ही उपमा तलावाच्या मुलखात जशी कळते, तशी अन्यत्र कळणार नाही.

याच अंकाच्या शेवटी, रस मूळचा एकच, तो करुण. पाणी जसे भोवरा, बुडबुडा, लाट अशी रूपे घेते तसा तो निरनिराळा भासतो, हा विचार तमसेच्या मुखी येतो. साहित्यशास्त्रात या मतावर पुष्कळ खल झाला. शृंगारासच पहिला मान देणाऱ्यांना ते रुचणे शक्य नव्हते.

शेवटच्या अंकात गंगाकाठी वाल्मीकी स्वतः रचलेले नाटक अप्सरांकडून करवून घेतात. श्रीराम प्रेक्षकांत बसले आहेत. आपण सोडलेल्या सीतेचे पुढे काय झाले, हे त्यांना प्रथमच रंगमंचावर दिसते : पृथ्वी आणि भागीरथी एकेक बाळ हाती घेऊन सीतेला सावरीत आहेत. श्रीराम मूर्च्छित पडतात. मग खऱ्या सीतामाई येतात, अरुंधती पुढे होऊन जमलेल्या प्रजेला विचारतात आणि प्रजाजन नमस्कार करतात. पहिल्या अंकात चित्रापुढे सुरू झालेली कथा अशी नाटकातील नाटकापुढे संपते. वाल्मीकी रामायणात सीता पृथ्वीच्या पोटी जाते, हे भवभूतींना माहीत नव्हते असे कसे म्हणावे? त्यांनी पुनर्मीलन घडविले, पण ते घडण्यापूर्वी ज्या लोकांच्या बोलण्यामुळे त्याग झाला त्याच लोकांना साक्षीला उभे केले. हा न्याय मूळ कथेत सीतेला मिळाला नव्हता.

कीर्ती

काळ अनंत आहे, हा कवींचा विश्वास खरा ठरला. परशुरामतात्या गोडबोले यांनी एकोणिसाव्या शतकात उत्तररामचरित मराठीत आणले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मालतीमाधवाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. पां. वा. काणे व श्री. कृ. बेलवलकर यांनी उत्तररामचरितावर परिश्रम घेतले. बेलवलकरांचा इंग्रजी अनुवाद १९१५ साली अमेरिकेतील हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाला. मिराशींनी तर भवभूतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्यांना विदर्भाच्या मातीशी पुन्हा जोडले.

ज्या भाविकांना पदमपूर पाहावयाचे असेल त्यांनी गोंदियाहून दुर्ग-रायपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील आमगाव स्थानकावर उतरावे. गोंदियाहून आमगावला रस्त्यानेही जाता येते. पदमपूर तेथून जवळच आहे. गाव लहान आहे. जुने शिल्पावशेष असलेल्या ठिकाणी चुना, शेंदूर अथवा तेल लावू नये व एकही दगड जागचा हलवू नये, ही नम्र विनंती. सोबत लहान मुले असल्यास चित्रदर्शनाची कथा त्यांना वाटेत सांगावी. उर्मिलेच्या चित्रापाशी लक्ष्मण लाजले, तो भाग मुलांना फार आवडतो.